जिवंत माणसांचा दुखवटा

आमच्या घरमालकांना गावात कुणी लग्नाची पत्रिका देत नसे. तामलवाडीत त्यांच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. तेवढ्या काळात आजूबाजूच्या दारांच्या कड्यांना पत्रिका अडकवून माणसं पुढं जाताना मी कितीदा तरी पाहिली. यांचं दार आलं की त्यांची पावलं भरभर पडायची. तरी हे प्रत्येक लग्नाला जात. इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि करकर वाजणारी चप्पल. अक्षता पडल्या की पहिल्या पंगतीला बसत आणि ताक पिऊन झाल्याशिवाय उठत नसत.

एका लग्नात नवऱ्या मुलाच्या बापानं त्यांना पंगतीतच गाठलं. आवाज खाली ठेवून तो म्हणाला, "तात्या, तुम्हाला पत्रिका दिली नव्हती."

"न्हाय दिली," तात्या म्हणाले. "मयतीला कुठं देता? तवा बी येतोच की मी."

 तात्यांनी वाढप्याकडून आणखी बुंदी घेतली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पोरापोरीचा संसार चांगला चालावा, चालेलच. पण उद्या न्हाईच पटलं आणि दोघं वेगळी झाली, तर त्या दिवशीही मी बिनबोलावता येणार, भाकरी घेऊन, दोन्ही घरी. मुलाचा चुलता अंगावर धावून आला. त्याला चौघांनी धरलं. तात्यांनी बुंदी संपवली, ताक प्यायलं, हात धुतले, नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गेले.

हे भाकरीचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर माणूस नुसता भांडखोर वाटेल.

आमच्याकडं घरात मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी आणि सोयरे पिठलं-भाकरी करतात, दुरडीत घालतात, वर पांढरं फडकं झाकतात आणि त्या घरी नेऊन पोचवतात. याला कडू घास म्हणतात. दिवस होईपर्यंत माणसं येत राहतात, बसतात, उठून जाताना 'येतो' म्हणत नाहीत. तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या मयतींचं काम अंगावर घेतलं. कुणी नेमलं नव्हतं. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, कुणाकुणाला फोन करायचा, कोण किती वाजता पोचतंय, कुणासाठी थांबायचं आणि कुणासाठी थांबायचं नाही, हे सगळं ते बघायचे. जात विचारायचे नाहीत. मुसलमानाच्या घरी मौत झाली तर कब्रस्तानात खणणाऱ्यांना पाण्याच्या घागरी पोचवायचे आणि बाजूला उभे राहायचे. मला त्यांचं हे काम आवडायचं, कारण त्यात वेळ पाळलेली असायची.

या कामात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिनं त्यांचा गावाशी कायमचा वाद लावून दिला. मयतीच्या घरी तेरा दिवस रीघ लागते. पण एखाद्याचा संसार मोडला, नवरा-बायको वेगळी झाली, तर त्या घरी कुणी फिरकत नाही. उलट शेजारी दार लोटून घेतात. "मेलं तर तेरा दिवस," ते म्हणायचे, "आन् मोडलं तर एक बी न्हाय. ह्यो कुठला हिशेब हाय?"

मग त्यांनी मोडलेल्या घरी कडू घास न्यायला सुरुवात केली. तेच फडकं, तीच दुरडी, तेच तेरा दिवस.

लोकांना हा अपशकुन वाटला तर नवल नाही. मलाही ऐकून अंगावर काटा आला होता. पहिल्यांदा ते गावातल्या एका मास्तरांकडं गेले होते. मास्तरांची मुलगी तान्हं लेकरू घेऊन माहेरी परत आली होती आणि घरात कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. मास्तरांनी दुरडी उचलून रस्त्यावर फेकली. तात्यांनी भाकरी गोळा केल्या, झटकल्या, उंबऱ्याबाहेर मांडी घालून त्यातली एक खाल्ली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मुलीनंच दार उघडलं. हे मला गावात तिघांनी सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फरक एवढाच होता की एकाच्या मते भाकरी बाजरीच्या होत्या.

माणूस असं का वागतो याचं कारण शोधायची मला खोड आहे. मला वाटलं, यांचंच कधीतरी काही मोडलं असणार. तसं काही निघालं नाही. लग्नाला पन्नास वर्षं झालेली, काकू ठणठणीत, दोन मुलं पुण्याला, सुना फोन करणाऱ्या. काकूंना मी एकदा आडून विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली, मी वाट बघायलेय माझ्या घरी कोण दुरडी आणतंय का. ह्यो बाबा सुटतच न्हाय."

तात्या घास घेऊन गेले की काय करायचे, तर बसायचे. मी घड्याळ लावून पाहिलंय, पाऊण तास. बोलायचे ते पावसापाण्याचं, एसटीच्या जुन्या गाड्यांचं. चूक कुणाची होती हे ते कधी विचारत नसत. दुसरं कुणी तिथं येऊन ते विचारायला लागलं की त्याच्या हातात चतकोर भाकरी देत आणि आधी हे खा म्हणत. तोंडात भाकरी असली की माणसाला उलटतपासणी घेता येत नाही, हा त्यांचा अनुभव.

माझं मोडलं ते उन्हाळ्यात. कारणं सांगत बसत नाही. दारू नव्हती, मारहाण नव्हती. बारा वर्षं पटवून घेतलं आणि मग दोघांकडूनही होईना. श्रावणी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई तिला घेऊन मुरुमला माहेरी गेली. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून ठरवलं की पोरगी आईकडं राहील आणि दुसऱ्या व चौथ्या रविवारी बापाला भेटेल. जळकोट मध्ये पडतं, म्हणून भेट जळकोटच्या स्टँडवर, सकाळी दहा ते दुपारी चार. मी त्याच बैठकीत गुणाकार केला. सहा तास, महिन्यातून दोनदा, वर्षाचे एकशे चव्वेचाळीस तास. म्हणजे सहा दिवस. वर्षातून सहा दिवसांचा बाप. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तो आकडा डोक्यातून जाईना.

मी दूध संकलन केंद्रावर काम करतो. दुधाची फॅट आणि डिग्री, म्हणजे स्निग्धांश आणि घट्टपणा, मोजून नोंदवायची, एवढंच काम, पण गावाचा त्यावर भरवसा असतो. एकोणीस वर्षांत माझी नोंद चुकली नव्हती. त्या महिन्यात मी एका म्हशीच्या दुधाची फॅट सहा पॉइंट आठच्या जागी आठ पॉइंट सहा लिहिली. ज्याचं दूध होतं त्यानंच येऊन सांगितलं, कारण त्याला त्याची म्हैस माहीत होती. मी खोलीवर आलो आणि कॉटवर पडलो. दुसऱ्या दिवशी उठलो नाही, तिसऱ्याही नाही. जेवलो नाही. आपण नसलो तर कुणाचं काय अडेल, याचा हिशेब मी मांडत होतो आणि त्याचं उत्तर मला पुन्हापुन्हा शून्य येत होतं. हे लिहिताना मला आता लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तात्या दुरडी घेऊन माझ्या दारात आले.

मी म्हटलं, "तात्या, मी अजून जिवंत आहे."

"म्हणून तर आणली," ते म्हणाले. "मेलेल्याला कोण भाकरी देतंय? मागं राहिलेल्याला देतात."

त्यांनी फडकं काढलं आणि ताट वाढलं. दोन घास खाल्ल्यावर मला रडू आलं. ते मला जुन्या तुळजापूर गाडीचा गिअर कसा अडकायचा ते सांगत राहिले. त्या दिवशी त्यांनी पाऊण तास पाळला नाही, दुपारपर्यंत बसले.

इकडं बाहेर वेगळंच घडलं. तात्या भर सकाळी फडक्याखाली दुरडी घेऊन माझ्या दारात शिरताना चौकातल्या लोकांनी पाहिलं. मी तीन दिवस केंद्रावर गेलो नव्हतो, हेही त्यांना माहीत होतं. मोडलेल्या घरचा घास संध्याकाळी जायचा अशी गावाची समजूत होती. मास्तरांकडं तो तसा जायचा. सकाळी जातो तो मयतीचा. कुणीतरी दोन आणि दोन चार केले आणि मुरुमला फोन गेला की तुमचे जावई गेले.

साडेबाराला दारात जीप थांबली. सासरे, मेहुणा, आणखी दोघं आणि श्रावणी व तिची आई. सासऱ्यांच्या हातात हार होता. मी बनियनवर कॉटवर बसून दुसरी भाकरी खात होतो. श्रावणीची आई दारातच मटकन बसली. चेहरा रडून सुजलेला होता. श्रावणी मात्र सरळ आत आली, माझ्या दंडाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा गरम आहेत."

हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. सासऱ्यांनी हार तात्यांच्या पायाशी टाकला. जित्या माणसाचा दुखवटा करता, तुमचंही डोकं फिरलंय आणि याचंही, असं म्हणाले. तात्यांनी हार उचलून खुंटीला अडकवला, फुलं ताजी आहेत म्हणून. मग पाव्हण्यांना जेवायला बसा म्हणाले. जीप आली तशी धूळ उडवत गेली.

तात्या त्यानंतर आणखी बारा दिवस आले. मी तिसऱ्या दिवशी अंघोळ केली, सहाव्या दिवशी केंद्रावर गेलो. तेराव्या दिवशी काकूंनी शिरा केला. तो खाऊन झाल्यावर तात्या म्हणाले, "घासानं माणूस तगतो. बरा होत न्हाय. आता डॉक्टर."

मी म्हटलं, मला काही झालं नाही. त्यांनी विचारलं, किती झोपतोस. मी खोटं सांगू शकत नाही. सांगितलं, सरासरी दोन तास चाळीस मिनिटं. मग ते मला मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. आठवड्यातून एकदा तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर बसत. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं तोंड झाकून बसली होती. तात्या मोठ्यानं विचारत होते, मनाचे डॉक्टर कुठल्या खोलीत, आमच्या भाडेकरूला झोप येत न्हाय. मला जमिनीत जावंसं वाटलं. परत येताना त्यांना तसं म्हणालो, तर म्हणाले की कंबर दुखली तर ओरडत जातोस की, मग हे काय चोरीचं हाय?

डॉक्टरांपुढं मी तीन आठवड्यांच्या झोपेचा तक्ता ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि इतक्या वर्षांत असा रोगी पाहिला नाही म्हणाले. गोळ्या दिल्या. शेजारच्या खोलीत समुपदेशक बाई होत्या. त्यांच्याकडं दर मंगळवारी अर्धा तास बसायला सांगितलं. बाईंनी पहिल्याच दिवशी मला एकशे चव्वेचाळीसचा आकडा बोलून दाखवायला लावला. चार-पाच आठवड्यांत माझी झोप साडेपाच तासांवर आली.

इथं सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण मी वेड्यांच्या डॉक्टरकडं जातो ही बातमी मुरुमला पोचली. पुढच्या दुसऱ्या रविवारी मी दहाला पाच कमी असताना जळकोटच्या स्टँडवर उभा होतो. चारपर्यंत मुरुमकडच्या सात गाड्या आल्या. एकीतूनही श्रावणी उतरली नाही. चौथ्या रविवारी तेच, त्यानंतरच्या भेटीलाही तेच. तिच्या आईचा फोन बंद. शेवटी सासऱ्यांनी फोन उचलला आणि सांगितलं, "गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या हाती आमी पोर देत न्हाय."

मी गोळ्या बंद करायचं ठरवलं. तात्यांना तसं सांगितलं. पोरगी पाहिजे तर दवाखाना सोडावा लागेल, दोनातलं एकच मिळणार.

 तात्यांनी वेगळाच विषय काढला. म्हणाले, त्या घरी घास कुणी नेला? मी विचारलं, कुठल्या घरी? "लेकराच्या आईच्या. तिचं बी मोडलंय. दोन घरं दुखवट्यात हायेत, म्या एकाच घरी आणला. माझीच चूक झाली."

मी चिडलो. जिनं तीन वेळा पोरगी पाठवली नाही तिला भाकरी? त्यांनी माझं चिडून होईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले की कडू घास न्यायचा मान शेजाऱ्याचा न्हायतर सोयऱ्याचा असतो. "मी काय तिचा शेजारी न्हाय, सोयरा बी न्हाय. सोयरा तू. तुझ्या घरातनं जायला पायजे." मी सरळ नाही म्हटलं. दोन दिवस नाहीच म्हणत होतो.

"हे बघ, डेअरी," तात्या म्हणाले. ते माणसाला त्याच्या कामाच्या नावानं हाक मारत. "तुझं लेकरू तिच्या ताटात जेवतंय. ती उपाशी असंल तर ते काय खाईल?"

 शनिवारी पहाटे काकूंच्या चुलीपुढं बसून मी ज्वारीच्या भाकरी थापल्या. अकरा थापल्या, सात जमल्या. काकूंनी उरलेल्या चार बघून कुठल्या कुठल्या जिल्ह्यांच्या नकाशासारख्या दिसतात ते सांगितलं. पिठलं त्यांनी केलं. तात्या म्हणत होते तेही मीच करावं, पण काकू म्हणाल्या की घास कडू म्हणतात तो काय चवीला न्हाय.

सासऱ्यांचं घर मुरुमला पेठेत आहे. बाजाराचा दिवस होता. फडक्याखालची दुरडी घेऊन मी पुढं आणि तात्या मागं, असे आम्ही गल्लीत शिरलो तशी दुकानातली माणसं ओट्यावर आली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि कोण गेलं म्हणून विचारलं. तात्या थांबले. त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की कोण न्हाय गेलं, एक संसार गेलाय, घास पोचवायचा राहिला होता तो आणलाय.

सासरे दारात आडवे उभे राहिले. त्यांना बाहेरच्या माणसांची जास्त लाज वाटत होती. त्यांनी दात आवळून विचारलं की हा अभद्रपणा इथं कशाला. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हा वेड्याच्या डॉक्टरकडं जातो. खरं का खोटं?"

मी म्हटलं, "खरं आहे, मामा. दर मंगळवारी जातो."

"ऐकलं? आपल्या तोंडानं सांगायलाय."

"म्हणून तर पोर द्यायची," तात्या म्हणाले. "दुखायलंय आन् दवाखान्यात जायलाय, त्याला द्यायची. दुखतंय आन् लपवतोय, त्याला देऊ नका. पाव्हणं, तुमच्या लेकीला कुणी नेलं का दवाखान्यात?"

सासरे म्हणाले की आमच्या लेकीला काही झालेलं नाही. तेवढ्यात ती आतून आली. मी तिला जीपच्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. ती निम्मी झाली होती. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. मागं तिची आई पदर तोंडाला लावून उभी होती. लेकीनं वडिलांच्या हाताखालून वाकून बाहेर पाहिलं, मला पाहिलं, दुरडी पाहिली. मग ती ओट्यावर आली, खाली बसली आणि तिनं स्वतःच फडकं उचललं.

"ह्या कुणी थापल्या?"

"मी," म्हटलं. "सात जमल्या."

तिनं एक भाकरी मोडली. पिठलं नीट घेतलंसुद्धा नाही, कोरडीच खायला लागली. सगळी गल्ली बघत होती. वडील तिला आत चल म्हणत होते, आधी हळू, मग जोरात. ती खात राहिली. तात्या ओट्याच्या कडेला टेकले आणि म्हातारा टोपीवाला त्यांच्या शेजारी येऊन बसला. पहिली भाकरी संपल्यावर तिनं पाणी मागितलं. तिच्या आईनं तांब्या आणून दिला. पाणी पिऊन ती वडिलांकडं बघून बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"दोन महिने मला झोप न्हाय, बाबा. पाव्हणे आले की तुम्ही मला मागच्या खोलीत बसवता. सत्यनारायणाला मला बाहेर येऊ दिलं न्हाय. मेलेलं माणूससुद्धा लोक अंगणात आणून ठेवतात. मला तेवढं बी न्हाय."

"अगं, लोक काय—"

"लोक बघायलेत की. बघू दे." मग ती माझ्याकडं वळली. "पोरगी येत्या रविवारी येईल. मी पाठवते. आन् तो डॉक्टर कुठल्या दिवशी बसतो?"

"मंगळवारी. नऊ ते एक."

"मी येणार. तोंड झाकून येणार न्हाय."

सासरे घरात निघून गेले. श्रावणी शाळेतून यायची होती. आम्ही थांबलो नाही. परतीच्या गाडीत मी तात्यांचे आभार मानले. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जरा वेळानं म्हणाले की पिठलं ती खाईना म्हणजे तुझ्या काकूचं मीठ जास्त झालं असणार, घरी सांगू नको.

लोक अजून विचारतात, मग आलात का एकत्र? नाही आलो. येणारही नाही. ती मंगळवारी एकटी येते आणि बायकांच्या बाकावर बसते, मी पुरुषांच्या. कधी बोलतो, कधी नुसती मान हलवतो. वेगळं होऊनही दोघांनी धड राहता येतं, हे आमच्या दोन्ही गावांना पटत नाही. त्यांना दोघांपैकी एक तरी बरबाद झालेला हवा असतो. आम्ही त्यांची ती सोय केलेली नाही.

त्या रविवारी जळकोटला तात्या माझ्याबरोबर आले. नको म्हणत होतो, तरी आले, आणि पायाशी दुरडी घेऊन स्टँडच्या बाकड्यावर बसले. मला वाटलं, दुपारचं जेवण असेल. दहा वाजून पाच मिनिटांनी मुरुमची गाडी आली. श्रावणी उतरली, आणि तिच्या मागं सासरे. ते आधी कधी आले नव्हते. श्रावणी पळत येऊन मला चिकटली. सासरे तीन हात लांब उभे राहिले आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "चार वाजता."

"सहा," मी म्हटलं. "तीन भेटी बुडाल्यात, मामा. अठरा तास. दर भेटीला दोन-दोन धरले तर नऊ भेटींत फिटतील."

सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सहा," ते म्हणाले. मग तात्यांकडं वळले. तुम्हाला दुसरं काही काम नाही का, म्हणाले.

"हाय की," तात्या म्हणाले. त्यांनी दुरडी उचलून मांडीवर घेतली. "तुमच्या मुरुमातच हाय. एका मास्तरणीचं घर मोडलंय म्हणं. तिचा नवरा लेकराला घेऊन गेलाय, ती एकटीच बसलीय. तिच्या घराची वाट ठाव न्हाय, मुरुमचं कुणी भेटतंय का म्हणून बसलो होतो."

 मुरुमकडं परत जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. सासऱ्यांनी हात वर करून गाडी थांबवली, वाकून तात्यांच्या मांडीवरची दुरडी उचलली आणि दारापाशी जाऊन म्हणाले, "चला. आमच्या गल्लीच्या मागं राहते ती. मला ठाव हाय."